कमी वयाची, परवडणारी बर्बन: चाखताना आणि जोखताना पडणारे प्रश्न

अमेरिकेत वीस डॉलरच्या आसपास मिळणारी, दोन ते सहा वर्षं पिंपात राहिलेली, दुकानात खालच्या फळीवर उभी असलेली बर्बन हा इथला विषय आहे. उदाहरण म्हणून बऱ्याच ठिकाणी जिम बीमची पांढऱ्या लेबलाची बाटली घेतली आहे, कारण ती न्यू जर्सीतही मिळते आणि पुण्यातही. विचारणारे बहुतेक जण स्कॉचवरून इकडे आलेले असतात, म्हणून स्कॉचचा उल्लेख अधूनमधून येईल.

बर्बन नेमकं कशाला म्हणायचं?

अमेरिकेत बनलेली, धान्यात निदान ५१ टक्के मका असलेली आणि आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात ठेवलेली व्हिस्की म्हणजे बर्बन. ऊर्ध्वपातन करताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर न्यायचं नाही, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि बाटलीत ४० पेक्षा कमी नको. लेबलावर ‘स्ट्रेट बर्बन’ असेल तर तिच्यात पाण्याशिवाय काहीही मिसळलेलं नसतं, रंगसुद्धा नाही. ती केंटकीतच बनायला हवी असा नियम नाही. अमेरिकी काँग्रेसने १९६४ साली ठराव करून तिला देशाचं खास उत्पादन म्हटलं, एखाद्या राज्याचं नव्हे. तरी बहुतांश बर्बन केंटकीतूनच येते.

जोखणाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्यात ‘नवं पिंप’ ही अट सर्वात महत्त्वाची. तरुण बर्बनचे गुण आणि तिचे घोटाळे दोन्ही तिथूनच सुरू होतात.

लेबलावर वयच लिहिलेलं नाही. मग ती किती वर्षांची समजायची?

नुसत्या ‘बर्बन’ला किमान वय नाही. ‘स्ट्रेट’ म्हणायचं तर दोन वर्षं पूर्ण हवीत. व्हिस्की चार वर्षांपेक्षा लहान असेल तर वय छापावंच लागतं. म्हणजे ‘स्ट्रेट’ लिहिलं आहे आणि वय कुठेच नाही, तर ती चार वर्षांची किंवा त्याहून मोठी. वय छापलं असेल तर ते मिश्रणातल्या सर्वात लहान व्हिस्कीचं असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘२४ महिने’ असं छापलेलं बऱ्याचदा सापडतं. पुढच्या बाजूला आजोबांचं चित्र असलं तरी वाचायचं ते मागचं.

‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द दिसले तर थांबून बघा. हा १८९७ चा कायदा आहे. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली व्हिस्कीच हे शब्द लावू शकते. स्वस्त फळीवर याच्याइतकी पक्की हमी दुसऱ्या कुठल्या शिक्क्यात नाही.

डिस्टिलरीचं नावही बघा. ‘अमक्याने बाटलीत भरली’ म्हणजे ‘अमक्याने बनवली’ नव्हे. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गची एक अवाढव्य डिस्टिलरी कितीतरी ब्रँडांना माल पुरवते. (केंटकीतही एक लॉरेन्सबर्ग आहे, तिथे वाइल्ड टर्की बनते. दोन्ही गावांची गल्लत नेहमी होते.) विकत घेतलेला माल वाईट असतो असं अजिबात नाही, पण आपण कोणाचं काम चाखतो आहोत हे माहीत असलेलं बरं.

स्कॉच बारा वर्षांची आणि ही चार वर्षांची. मग ही तिच्या एक तृतीयांशच चांगली का?

वर्षांची अशी थेट तुलना होत नाही. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात मुरते, आणि त्यातली पुष्कळ पिंपं आधी बर्बनचीच असतात. त्या लाकडाचा पहिला जोर बर्बनने आधीच घेतलेला असतो. नवं पिंप मात्र भरभरून देतं. ओक जाळताना लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन तयार होतं, हेमिसेल्युलोजमधल्या साखरा करपून कॅरमेलसारखा गोडवा येतो, ओकमधल्या लॅक्टोनमुळे खोबऱ्याचा वास येतो आणि युजेनॉलमुळे लवंगेचा. हे सगळं पहिल्या दोन-तीन वर्षांतच मोठ्या प्रमाणात व्हिस्कीत उतरतं.

त्यात केंटकीचं हवामान. उन्हाळ्यात पारा तिशीच्या वर आणि हिवाळ्यात शून्याच्या खाली. तिथली गोदामं अनेक मजली असतात आणि वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात भट्टी पेटते. तापलं की व्हिस्की लाकडात शिरते, गार झालं की बाहेर येते. स्कॉटलंडच्या दमट गारव्यात हे सगळं संथपणे चालतं. म्हणूनच बर्बन वीस वर्षं ठेवली की अनेकदा नुसतं लाकूड चघळल्यासारखी कडू होते.

मग वय लागतंच कशाला?

लोणच्यात मीठ-मसाला पहिल्या दिवसापासून असतो, पण कैरी मुरायला वेळ लागतो. इथेही तसंच आहे. पिंपात एकाच वेळी तीन गोष्टी चालू असतात. लाकडातून रंग, गोडवा आणि मसाला व्हिस्कीत येतो, हे झटपट होतं. पिंपाच्या आतला कोळशाचा थर गंधकयुक्त वास शोषून घेतो, तेही तसं लवकर उरकतं. तिसरी गोष्ट संथ. लाकडातून झिरपणाऱ्या हवेतला ऑक्सिजन, आम्लं आणि अल्कोहोल यांच्यातून हळूहळू एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगं, बनतात, कच्च्या धान्याचा उग्रपणा मवाळ होतो, सुट्या सुट्या लागणाऱ्या चवी एकमेकींत मिसळतात.

तरुण बर्बन फसवते ती इथेच. रंग गडद असतो, नाकात व्हॅनिला भरपूर असतो आणि माणूस म्हणतो, वा, चांगली मुरलेली दिसते. प्रत्यक्षात मुरलेलं काहीच नसतं, फक्त लाकूड आलेलं असतं. म्हणून माझं सांगणं असं की रंग आणि व्हॅनिला यांना गुण देऊच नका. नव्या पिंपात ठेवलेल्या कुठल्याही व्हिस्कीला ते मिळणारच आहेत. गुण द्यायचे ते धान्य आणि लाकूड जिभेवर वेगवेगळे लागतात की एकजीव, यासाठी.

छोट्या पिंपात ठेवून व्हिस्की लवकर तयार करतात म्हणे. ते खरं का?

नेहमीचं पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे साधारण २०० लिटरचं असतं. नव्या छोट्या डिस्टिलऱ्यांना चार-पाच वर्षं पैसा अडकवून ठेवणं परवडत नाही, म्हणून काही जण पाच किंवा दहा गॅलनची पिंपं वापरतात. व्हिस्की कमी आणि तिला लागणारं लाकूड प्रमाणात जास्त, त्यामुळे रंग चटकन चढतो. पण संथ चालणारं काम पिंप लहान केल्याने वेगाने होत नाही. केंटकीतल्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीने ५, १० आणि १५ गॅलनच्या पिंपांत सहाएक वर्षं प्रयोग केला आणि २०१२ मध्ये तो फसल्याचं स्वतःहून जाहीर केलं. व्हिस्की गडद आणि धुरकट झाली, पण तिच्यात खोली आली नाही. आपलं अपयश असं उघडपणे सांगणाऱ्या कंपन्या थोड्याच.

अशा बाटल्या बहुधा स्वस्तही नसतात. ताज्या कापलेल्या लाकडाचा भुसा आणि मागोमाग कच्चं पीठ, अशी जोडी नाकाला लागली तर छोट्या पिंपाचा संशय घ्यायला हरकत नाही.

स्वस्त बर्बन स्वस्त असते ती कशामुळे? कुठे काटकसर केलेली असते?

मुख्यतः वेळेत. मका स्वस्त आहे, मोठ्या डिस्टिलरीत उंच स्तंभांतून ऊर्ध्वपातन अखंड चालतं, आणि पिंप तर कायद्यानेच नवं घ्यावं लागतं, मग बाटली वीस डॉलरची असो की दोनशेची. खर्च वाढतो तो साठवणुकीने. दरवर्षी प्रत्येक पिंपातले तीन-चार टक्के हवेत उडून जातात, ज्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. शिवाय केंटकीत गोदामात पडून असलेल्या पिंपांवर दरवर्षी मालमत्ता कर भरावा लागतो. तो २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत २०४३ पर्यंत पूर्ण रद्द होणार आहे.

दुसरी काटकसर पाण्यात. ४० टक्क्यांवर भरली की एका पिंपातून जास्त बाटल्या निघतात. तिसरी निवडीत. महागड्या बाटलीसाठी गोदामातल्या मोक्याच्या जागेची पिंपं वेगळी काढतात, स्वस्त बाटलीत शेकडो पिंपं एकत्र ओततात. याचा एक फायदाही आहे. बाटली गेल्या वर्षीसारखीच लागते, आणि तशी ती लागावी हे सोपं काम नाही.

सुरुवात कुठल्या बाटल्यांनी करावी?

एकीने नको, दोन घ्या. पहिली जिम बीम पांढरं लेबल. चार वर्षांची, ४० टक्के, केंटकीतल्या क्लेरमाँटची. दुसरी इव्हान विल्यम्स काळं लेबल, ४३ टक्के. ती हेवन हिल कंपनीची. १९९६ च्या आगीत या कंपनीची बार्ड्सटाउनची डिस्टिलरी जळाली, मग १९९९ मध्ये तिने लुईव्हिलमधली बर्नहाइम डिस्टिलरी विकत घेतली. ही व्हिस्की तिथलीच. किमतीत फारसा फरक नाही, दोन्हींत मका भरपूर आणि राय (rye नावाचं धान्य, मोहरी नव्हे) बेताची, तरी जिभेवर त्या बऱ्याच वेगळ्या आहेत. मला स्वतःला जिम बीम सरळ आणि प्रामाणिक पण पातळ वाटते. इव्हान विल्यम्सला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, जास्त आहे, आणि त्यात त्या तीन टक्क्यांचा वाटा मोठा आहे.

तिसरी मिळाली तर इव्हान विल्यम्सचंच पांढरं लेबल घ्या. ती बॉटल्ड इन बाँड, ५० टक्के. एकाच घरातली धाकटी-थोरली शेजारी ठेवून चाखण्याइतकं शिक्षण दुसरं नाही. रायऐवजी गहू घातलेली, मऊ लागणारी बर्बन कशी असते हे बघायचं तर मेकर्स मार्क आहे, पण ती स्वस्त फळीच्या थोडी वर गेली आहे.

ग्लास कुठला?

तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता. ग्लेनकेर्न नावाचा चाखायचा ग्लास असेल तर उत्तमच, नाहीतर वाइनचा छोटा ग्लास. रुंद तोंडाचा व्हिस्की ग्लास पिण्यासाठी ठीक आहे, पण त्यात वास जमा होत नाही. काचेचाच घ्या, आणि भांडी घासायच्या साबणाचा लिंबाचा वास त्याला नाही ना हे आधी हुंगून बघा. दिसायला क्षुल्लक बाब, पण तरुण व्हिस्कीतला हलका फळांचा वास त्या लिंबाने पार झाकून टाकतो.

वास कसा घ्यायचा? मला तर नुसतं नाक झोंबतं.

ग्लासात वीस मिलिलिटर ओता आणि आठ-दहा मिनिटं तसंच राहू द्या. तरुण बर्बनच्या बाबतीत हे थांबणं महत्त्वाचं, कारण वरवरचा तिखट भपकारा तेवढ्यात उतरतो. मग ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि सावकाश वर आणा. वाइनसारखं गरगर फिरवून नाक आत खुपसू नका. एक नाकपुडी, मग दुसरी. दोन-तीनदा हुंगलं की ग्लास बाजूला ठेवून स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा जागेवर येतं.

मुंबई-पुण्याकडे एप्रिल-मे महिन्यात बसला असाल तर खोलीच पस्तीस अंशांवर असते आणि अल्कोहोल धडाधड उडतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, पण थंड पाण्यात थोडा वेळ उभी करून विशीच्या आसपास आणा. निम्मं झोंबणं तिथेच संपतं.

समीक्षांमध्ये चेरी, मेपल, ग्रॅहम क्रॅकर असं काय काय लिहितात. मला त्यातलं काहीच येत नाही.

लिहिणारा कँझसमध्ये वाढला असेल तर त्याला ते येणारच. तुमच्या नाकाकडे दुसरा साठा आहे आणि तो या कामाला पुरेसा आहे. जिम बीम समोर ठेवा. आधी उकडलेलं कणीस येतं. मग भाजलेल्या शेंगदाण्याचं लाल साल. हा शेंगदाणा बीमच्या घरातल्या बहुतेक व्हिस्क्यांत सापडतो, आणि एकदा ओळखला की झाकलेल्या लेबलाची बाटलीही त्यावरून पकडता येते. त्यामागे कस्टर्ड पावडरीसारखा व्हॅनिला, थोडी काकवी, आणि लक्ष दिलंत तर पिकलेलं केळं. केळ्याचा वास यीस्ट आंबवताना तयार करत असलेल्या एस्टरचा असतो. इव्हान विल्यम्समध्ये गुळाच्या चिक्कीचा करपट गोडवा जास्त आणि शेवटी दालचिनी. सुकं खोबरं, लवंग, जायफळ, नवी फळी रंधल्यावर पडणारा भुसा हे सगळं ओकचं देणं.

लिहून ठेवताना हेच शब्द वापरा. चेरी न खाताच चेरी लिहिली तर महिन्याने ते टिपण तुम्हालाच कळायचं नाही.

घोट कसा घ्यायचा?

पहिला घोट अगदी लहान, आणि तो मोजायचा नाही. तो फक्त तोंडाला अल्कोहोलची ओळख करून देतो. दुसरा घोट जिभेवर पाच-सात सेकंद ठेवा, गालांकडे फिरवा, चावल्यासारखं करा. केंटकीत याला केंटकी च्यू म्हणतात. जिम बीमच्या घराण्यातले बुकर नो यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. मग गिळा किंवा थुंका, आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. चवीचा खरा भाग त्या उच्छ्वासात कळतो.

तीन जागी लक्ष ठेवा. जिभेला लागताक्षणी बहुतेक तरुण बर्बन गोडच लागतात, तिथे त्यांचं कौतुक करण्यासारखं काही नाही. मधल्या भागात काय होतं ते महत्त्वाचं. कच्च्या व्हिस्कीचा गोडवा सरतो, मध्येच पाणचट पोकळी येते आणि मग एकदम तिखट लाकूड आपटतं. बऱ्या व्हिस्कीत ही पोकळी नसते. शेवटी गिळल्यानंतर काय उरतं ते बघा. चार वर्षांच्या बर्बनची चव अर्धा मिनिट रेंगाळली तरी पुष्कळ झालं. थोडीच उरली पण स्वच्छ उरली, तर मी तिला चांगले गुण देतो. लांबवर टिकणारा कडवटपणा हा काही गुण नव्हे.

घशात जळजळ होते. हा वाईट व्हिस्कीचा पुरावा आहे का?

स्वतःहून नाही. अल्कोहोल तोंडातल्या त्याच ग्राहींना चेतवतं ज्यांच्यावर मिरचीतलं कॅप्सेसिन काम करतं, त्यामुळे शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही भाजल्यासारखं वाटतं. ५० टक्क्यांची व्हिस्की कितीही सुरेख असली तरी भाजणारच. बघायचं ते हे की भाजणं कुठे होतं. छातीत ऊब पसरत गेली तर ठीक. अमेरिकेत तिला केंटकी हग म्हणतात. घशाच्या तोंडाशी ओरखडा उठल्यासारखं झालं, आणि तेही ४० टक्क्यांच्या व्हिस्कीत, तर ती कच्ची आहे किंवा ऊर्ध्वपातन नीट झालेलं नाही.

आणि हो, ‘स्मूथ’ ही काही मोठी पदवी नाही. ज्यात काहीच नाही तीही स्मूथ लागते.

पाणी घालावं की नाही? किती?

घालावं, पण आधी तशीच चाखून मग. ५० टक्क्यांच्या तीस मिलिलिटरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर पाणी घातलं की ती ४३ टक्क्यांच्या जवळ येते. एवढ्याने नाक खुलतं. जी मुळातच ४० वर आहे तिच्यात डिस्टिलरीने पाणी घातलेलंच असतं, तिला दोन-चार थेंबच पुरतात. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं की व्हिस्की सौम्य केली की ग्वायाकॉलसारखे सुगंधी रेणू पृष्ठभागाकडे सरकतात. पाण्याने वास का वाढतो याचं हे एक पटणारं कारण आहे.

तरुण व्हिस्कीसाठी पाणी परीक्षकाचं काम करतं. चांगली मुरलेली बर्बन थोडं पाणी घातल्यावर उलगडते. कच्ची असेल तर लाकूड एकीकडे आणि ओलं पीठ दुसरीकडे, अशी फाटते. पाणी साधं, बिनवासाचं घ्या. क्लोरीन किंवा माठाचा वास असलेलं नको.

याच पाण्याची एक गंमत लुईव्हिल विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधली आहे. पाणी घालून बरीच पातळ केलेल्या अमेरिकन व्हिस्कीचा थेंब काचेवर वाळला की कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उरते. स्कॉचच्या थेंबात तशी दिसत नाही.

बर्फ, सोडा, थम्स अप?

पिताना बेलाशक. जोखताना नको. थंडीने वास झाकला जातो आणि साखरेने दोष झाकले जातात. जिम बीमसारखी बर्बन सोड्यात फार छान जमते, जपानात तर ती मुख्यतः तशीच खपते.

एखादा दोष वयाचा आहे की बनवणाऱ्याचा, हे कसं ओळखायचं?

हा खरा कामाचा प्रश्न, कारण पहिल्या प्रकारच्या दोषाला माफी आहे, दुसऱ्याला नाही.

कच्चं कणीस, ओलं पीठ, गवत, हिरवं सफरचंद, नुकतं कापलेलं लाकूड हे वयाचे वास. हिरव्या सफरचंदामागे बऱ्याचदा अॅसिटाल्डिहाइड असतं. त्याच डिस्टिलरीची हीच व्हिस्की आणखी दोन वर्षं थांबली असती तर यातलं बरंच निवळलं असतं. वीस डॉलरच्या बाटलीत हे थोडंफार चालवून घ्यावं. मला तर कणसाचा वास मुळात आवडतोच. मक्याच्या दारूला मक्याचा वास आला म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही.

नेलपॉलिश रिमूव्हरचा ठसठशीत भपकारा मात्र वेगळा. तो इथाइल अॅसिटेटचा असतो. किंचित असेल तर फळांसारखा वाटतो, पण दहा मिनिटांनंतरही तोच पुढे असेल तर ऊर्ध्वपातनात सुरुवातीचा हलका भाग पुरेसा बाजूला काढलेला नाही असं समजा. उकडलेला कोबी किंवा जळकं रबर म्हणजे गंधक, जे तांब्याने आणि कोळशाने काढायला हवं होतं. आंबट, ओकारीसारखा वास ब्युटिरिक आम्लाचा, बहुधा आंबवताना नको ते जिवाणू शिरल्याचा. ओला पुठ्ठा किंवा बुरशी म्हणजे धान्य, पिंप किंवा बुचात गडबड. हे वास दहा वर्षांच्या व्हिस्कीतही चालत नाहीत, मग दोन वर्षांच्या व्हिस्कीला वयाची सबब कशाला द्यायची?

मोठ्या केंटकी डिस्टिलऱ्यांच्या स्वस्त बाटल्यांत हे दुसऱ्या गटातले दोष क्वचितच सापडतात. इतक्या प्रचंड प्रमाणावर बनवताना एकसारखेपणा राखावाच लागतो. ते जास्त भेटतात नव्या, हौशी, देखण्या लेबलांच्या बाटल्यांत, आणि त्यांची किंमत बहुधा दुप्पट असते.

गुण कसे द्यावेत? शंभरपैकी?

शंभरपैकी ८३ आणि ८४ यांतला फरक सांगू शकेल असं नाक मला अजून भेटलेलं नाही. त्यापेक्षा त्रिकोणी चाचणी करा. घरातल्या कोणाला तरी सांगा की तीन सारख्या ग्लासांत ओत, दोनांत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी, आणि तळाला खुणेचा कागद चिकटव. वेगळा ग्लास कुठला हे तुम्हाला सांगता आलं नाही, तर त्या दोन बाटल्यांमधल्या किमतीचा फरक तुमच्यासाठी फुकट आहे. सांगता आलं तर पुढचा प्रश्न: वेगळी ती चांगली आहे की नुसतीच वेगळी?

अंधचाचणीत महाग बाटल्या हरतात तेव्हा मोठी करमणूक होते. पण त्यावरून लगेच ‘सगळं मार्केटिंग’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. ओल्ड ग्रँड-डॅडसारखी जास्त रायची बर्बन आणि मेकर्स मार्कसारखी गव्हाची, या दोन शैली आहेत. एक जिंकली म्हणून दुसरी पडली असं होत नाही. तुलना करायची तर एका शैलीतल्या, शक्य तर एकाच टक्क्याच्या व्हिस्क्यांची.

सोबत चखणा काय?

चाखताना काहीही नाही. मसाला शेंगदाणे, फरसाण, लसूण शेव यांनी जीभ अर्धा तास कामातून जाते. बडीशेप आणि पानही तसंच. फारच वाटलं तर मारी बिस्कीट किंवा भाकरीचा कोरडा तुकडा, आणि साधं पाणी. टिपण लिहून झालं की डबे उघडा.

जॅक डॅनियल्स बर्बन आहे का?

ती स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवते. बर्बनच्या बहुतेक अटी ती पाळते, शिवाय पिंपात जाण्यापूर्वी शुगर मेपलच्या कोळशातून गाळली जाते. शेजारी ठेवून चाखायला उपयोगी आहे, केळ्याचा वास ओळखायला तर फारच.

महाराष्ट्रात घ्यायची तर किंमत इतकी का?

आयात शुल्कामुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचं शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं, ही सवलत फक्त बर्बनला होती. वर राज्याचं उत्पादन शुल्क असतंच, म्हणून एकाच बाटलीचा दर गोव्यात वेगळा आणि महाराष्ट्रात वेगळा. त्यामुळे अमेरिकेतली खालच्या फळीची बाटली इथे मधल्या फळीवर येऊन बसते, आणि ‘पैसे वसूल’ हा निकष तिकडच्या समीक्षेतून जसाच्या तसा उचलता येत नाही. इथे जिम बीमची स्पर्धा बेंचमार्कसारख्या तिकडच्या स्वस्त बर्बनशी नाही, तर त्याच किमतीच्या स्कॉचशी आणि भारतीय सिंगल माल्टशी आहे. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ पूर्ण आणि परवाना लागतो, गोव्यात २१.

भारतीय सिंगल माल्टवरून आठवलं. गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन बर्बनच्या वापरलेल्या पिंपांत मुरते. तिच्यातलं व्हॅनिला आणि खोबरं ओळखीचं वाटलं तर नवल नाही.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

बिघडत नाही, पण बदलते. पहिल्या आठवड्यात तरुण बर्बन अनेकदा सुधारते, वरचा तिखटपणा जातो. म्हणून बुच उघडल्या संध्याकाळी अंतिम निकाल देऊ नका, काही दिवसांनी पुन्हा चाखा. निम्म्याच्या खाली गेली की सहाएक महिन्यांत संपवलेली बरी. उभी ठेवा, आडवी नको, आणि उन्हापासून लांब.

एका बैठकीत किती बाटल्या चाखता येतात?

तीन, फार तर चार, प्रत्येकी पंधरा-वीस मिलिलिटर. कमी टक्क्याकडून जास्तीकडे जा. थुंकायला भांडं ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चौथीनंतर लिहिलेल्या टिपणांवर विश्वास ठेवू नका, आणि घरी जायला रिक्षा करा.

सगळं करून बाटली आवडलीच नाही. आता?

आधी वर सांगितल्याप्रमाणे आठवडाभर थांबा. तरीही नाही आवडली तर ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल करा. जाड बुडाच्या ग्लासात चमचाभर पिठीसाखर, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू, मसालेदार अर्काचे) तीन शिंतोडे, चमचाभर पाणी, साखर विरघळेपर्यंत ढवळायचं. मग साठ मिलिलिटर बर्बन आणि एक मोठा बर्फाचा खडा. संत्र्याची साल वर पिळून तेल उडवायचं आणि साल आत टाकायची, नागपुरी संत्र्याची पातळ असते म्हणून जरा मोठा तुकडा घ्या. यासाठी ४० पेक्षा ५० टक्क्यांची बाटली बरी पडते, बर्फ वितळला तरी तग धरते. दोष कच्च्या धान्याचा असेल तर तो यात जवळपास लपतो. रबराचा किंवा कोबीचा असेल तर नाही लपत, ती सरळ मोरीत ओता.